काचेच्या कांड्यांनी मोजलेली वाट

लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या उत्तरेला, कुंपणाला लागून एक रस्ता जातो. टॅक्स्या, हॉटेलांच्या बसगाड्या, माल वाहणारे ट्रक यांची तिथं दिवसभर ये-जा चालू असते. या रस्त्याच्या कडेला एक जुनी लोखंडी तोफ जमिनीत उभी पुरलेली आहे. ती कुठल्या लढाईची आठवण म्हणून ठेवलेली नाही. शेताची हद्द दाखवायला बांधावर दगड पुरावा, तशी ती पुरलेली आहे. १७८४ च्या उन्हाळ्यात या जागेपासून जमीन मोजायला सुरुवात झाली, आणि त्या मोजणीतून काही वर्षांनी जे हाती आलं ते होतं लंडन आणि पॅरिस या दोन शहरांचं एकमेकांपासूनचं नेमकं स्थान.

आज कुणी हे अंतर विचारलं तर फोन क्षणात सांगतो: सरळ रेषेत ३४४ किलोमीटर, विमानानं सव्वा तास. मुंबईहून छत्रपती संभाजीनगरला रस्त्यानं जायला जेवढं अंतर पडतं, साधारण तेवढंच. त्या उत्तरात चूक काही नाही. पण हे दोन आकडे एका जातीचे नाहीत. पहिला माणसांनी माळ आणि टेकड्या पायाखाली घालून मिळवला, आणि तेव्हापासून तो जागचा हललेला नाही. दुसरा सारखा बदलत आला: अकरा तास, अडीच तास, एकदा तर चाळीस मिनिटं, आणि आता पुन्हा सव्वा तास. अंतर ठरलेलं असतं. वेळ मात्र दोन्ही टोकांना जमिनीवर काय मांडून ठेवलं आहे त्यावर ठरते, आणि लंडन-पॅरिसच्या वाटेइतकं हे स्पष्ट दाखवणारी दुसरी वाट युरोपात सापडणं कठीण.

त्या मोजणीची हकिकत अशी. १७८३ साली पॅरिसच्या वेधशाळेचे प्रमुख कासिनी द थ्युरी यांनी एक टिपण लिहिलं. ग्रिनिच आणि पॅरिस या युरोपातल्या दोन मोठ्या वेधशाळा. दोन्हींतले खगोलशास्त्रज्ञ रोज आकाशाचे वेध घेत होते, पण या दोन जागा पृथ्वीच्या पाठीवर एकमेकींपासून नेमक्या कुठं आहेत याबद्दल त्यांची खात्री नव्हती. तेव्हा दोन्ही देशांनी मिळून त्रिकोणांची साखळी टाकावी आणि शंका मिटवावी, असं कासिनींचं म्हणणं. दोन्ही देशांमधलं युद्ध नुकतंच संपत होतं. तरीही हे टिपण फ्रेंच वकिलातीमार्फत इंग्लंडच्या राजाकडे गेलं, तिथून रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे, आणि त्यांनी ते काम सैन्यातल्या विल्यम रॉय या मोजणीतज्ज्ञ अधिकाऱ्याच्या हाती दिलं. शत्रूकडून आलेल्या कागदावर संशय न घेता माणसं कामाला लागली, ही गोष्ट आजही मनात भरते.

त्रिकोणाची एक बाजू अगदी अचूक मोजली, की पुढं फक्त कोन मोजत जायचं. उरलेल्या बाजू गणित काढून देतं. त्या काढलेल्या बाजूवर पुढचा त्रिकोण, त्याच्यावर त्याच्या पुढचा. पण पहिल्या बाजूत बोटभर चूक झाली तर ती प्रत्येक त्रिकोणात वाढत जाते. म्हणून पहिली बाजू, म्हणजे आधाररेषा, जिवापाड जपून मोजावी लागते. रॉयनी त्यासाठी लंडनच्या पश्चिमेचा हाउन्स्लो हीथ हा सपाट माळ निवडला. सैनिकांनी झुडपं तोडून वाट मोकळी केली. आधी देवदाराचे दांडे वापरून पाहिले, पण इंग्लंडच्या दमट हवेत लाकूड फुगतं आणि उन्हात आकसतं. सकाळचा दांडा आणि दुपारचा दांडा एका लांबीचा राहीना. तेव्हा वीस-वीस फुटांच्या काचेच्या कांड्या, म्हणजे पोकळ नळ्या, लाकडी पेट्यांत बसवून आणल्या. काच ओलाव्यानं फुगत नाही, आणि उन्हानं किती वाढते ते हिशेबात धरता येतं. हीथ्रोजवळच्या टोकापासून हॅम्प्टनच्या टोकापर्यंत ही रेषा २७,४०० फुटांच्या जराशी पुढं भरली, म्हणजे सुमारे ८.३५ किलोमीटर. वीस फुटांच्या नळीनं एवढी लांबी भरायची म्हणजे ती सुमारे १,३७० वेळा मांडायची, समपातळीत आणायची, तापमान टिपायचं आणि मग पुढं सरकायचं. राजा तिसरा जॉर्ज स्वतः हे काम बघायला माळावर येऊन गेला. दोन्ही टोकांना आधी लाकडी खांब पुरले होते. ते कुजतील म्हणून १७९१ साली त्यांच्या जागी तोफा पुरल्या गेल्या. रस्त्याकडेची तोफ ती हीच.

मग तीन वर्षं काहीच हललं नाही. कोन मोजायचं यंत्र जेसी रॅम्सडेन नावाच्या कारागिराकडे करायला दिलं होतं. तीन फूट व्यासाचं वर्तुळ असलेला हा थिओडोलाइट हवा तितका निर्दोष होईपर्यंत रॅम्सडेन तो हातावेगळा करायला तयार नव्हते. रॉय चिडले, त्यांनी तसं लिहूनही ठेवलं. पण १७८७ साली यंत्र आलं तेव्हा जगात त्याच्या तोडीचं दुसरं नव्हतं. त्याच वर्षी कासिनींचे चिरंजीव, मेशें आणि लजांद्र हे फ्रेंच शास्त्रज्ञ डोव्हरला येऊन रॉयना भेटले आणि इंग्लिश खाडीच्या दोन्ही काठांवरून एकाच वेळी वेध घ्यायचं ठरलं. इंग्लंडच्या बाजूला डोव्हरचा किल्ला आणि फेअरलाइटची टेकडी. फ्रान्सच्या बाजूला ब्लां-ने भूशिर आणि मोंलांबेर. रात्री एका काठावर पांढरी झगझगीत ज्योत पेटवायची आणि समोरच्या काठावरच्या माणसानं दुर्बिणीतून ती पकडायची. खाडीचा पट्टा सर्वांत अरुंद जागी ३३-३४ किलोमीटर रुंद आहे, आणि तिथलं धुकं सगळ्यांना ठाऊक. ज्योत पेटवून नुसतं बसून राहायच्या कितीतरी रात्री त्या माणसांच्या वाट्याला आल्या असतील.

या दोन उन्हाळ्यांच्या मध्ये, ७ जानेवारी १७८५ रोजी, दुसऱ्या दोघांनी हीच खाडी हवेतून ओलांडली. फ्रेंच फुगेवाला ब्लांशार आणि त्याचा अमेरिकेत जन्मलेला सोबती डॉ. जेफ्रिज डोव्हरच्या किल्ल्यापासून फुग्यात बसून निघाले. निम्म्या वाटेवर फुगा खाली येऊ लागला. त्यांनी वाळूच्या पिशव्या टाकल्या, सामान टाकलं, शेवटी अंगातले कपडेही समुद्रात टाकले आणि फ्रान्समधल्या झाडांवर कसेबसे उतरले. सुमारे अडीच तास लागले. खालच्या जमिनीचं मोजमाप अजून अपुरं होतं, आणि वरून माणूस पलीकडे पोचलाही होता.

जुलै १७९० मध्ये रॉय वारले, तेव्हा या मोजणीवरच्या त्यांच्या शेवटच्या लेखाची मुद्रितं त्यांच्या हातात होती. तपासायची शेवटची काही पानं राहून गेली. पुढच्याच वर्षी ब्रिटनचं ऑर्डनन्स सर्व्हे हे नकाशाखातं उभं राहिलं. त्याच रीतीची एक फांदी थेट आपल्या दारात येऊन पोचली. विल्यम लँब्टन यांनी १८०२ साली मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटपाशी आधाररेषा मोजून हिंदुस्थानची मोठी त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. त्यांच्यासाठी इंग्लंडहून निघालेला थिओडोलाइट वाटेत फ्रेंचांनी जहाजासकट पकडला आणि मॉरिशसला नेला. पण पेटाऱ्यात काय आहे हे कळल्यावर तिथल्या फ्रेंच गव्हर्नरनं तो सन्मानानं मद्रासला धाडून दिला. खाडीच्या दोन काठांवरून एकमेकांना ज्योती दाखवणाऱ्यांची रीत हिंदी महासागरातही चालली. वीस वर्षं त्रिकोणावर त्रिकोण चढवत लँब्टन उत्तरेकडे सरकत राहिले आणि जानेवारी १८२३ मध्ये, नागपूरकडे जाताना, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला तंबूतच गेले. त्यांची कबर तिथंच आहे. हीथ्रोची तोफ आणि हिंगणघाटची कबर एकाच कामाच्या खुणा आहेत, हे ध्यानात आलं की ३४४ हा आकडा नुसता आकडा राहत नाही.

आता वेळेकडे वळायचं. १८५१ साली चार्ल्स डिकन्सनी लंडन ते पॅरिस या प्रवासावर एक लेख लिहिला आणि त्याला नाव दिलं ‘अ फ्लाइट’, उड्डाण. विमान अजून अर्धं शतक दूर होतं. लेख आहे आगगाडीचा आणि तिला जोडलेल्या आगबोटीचा. लंडनहून पॅरिस अकरा तासांत! घोडागाडीनं आणि शिडाच्या जहाजानं दिवस मोजत जाणाऱ्या पिढीच्या माणसाला ते उडण्यासारखंच वाटलं, आणि ते खरंच वाटलं असणार. ही आगगाडी-आगबोट-आगगाडीची सांधेजोड पुढं शंभर वर्षं या वाटेचा कणा होती. १९३६ पासून रात्रीची एक गाडी अशीही होती की तिचे शयनडबे डोव्हरला बोटीवर चढवून साखळ्यांनी जखडत आणि डंकर्कला उतरवून पुन्हा रुळांवर घेत. साखळ्यांच्या खणखणाटात झोपलेला प्रवासी सकाळी पॅरिसला उठे. ती गाडी १९८० पर्यंत धावली.

याच बोटीच्या वाटेनं १३ मार्च १९१० रोजी विनायक दामोदर सावरकर पॅरिसहून लंडनला परतले. पॅरिसला ते मादाम कामांच्या आश्रयाला होते. लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर गाडीतून उतरताच त्यांना अटक झाली. दोन शहरांमधलं अंतर तेव्हाही तेवढंच होतं, पण एका टोकाला इंग्रजी वॉरंट चालत होतं आणि दुसऱ्या टोकाला चालत नव्हतं. त्याच वर्षी जुलैत मार्सेलिसच्या बंदरात बोटीच्या खिडकीतून उडी टाकून त्यांनी जो काठ गाठला, तो फ्रेंच होता म्हणूनच गाठला. आणि त्यांना तिथून परत नेणं योग्य होतं का, हा वाद थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढं गेला. त्यांच्याआधी पांडुरंग महादेव बापट, म्हणजे पुढचे सेनापती बापट, बाँबची विद्या शिकायला याच पॅरिसला गेले होते. मराठी इतिहासात ही वाट अशी किलोमीटरांपेक्षा कायद्याच्या हद्दीनं मोजली गेली आहे.

पुन्हा हाउन्स्लोच्या माळावर यायचं. २५ ऑगस्ट १९१९, सकाळची वेळ. जिथं रॉयच्या माणसांनी काचेच्या कांड्या मांडल्या होत्या त्याच माळावरून एक छोटं द हॅविलँड विमान पॅरिसजवळच्या ल बूर्जेकडे निघालं. युद्धातलं बाँबफेकी विमान. पाठीमागच्या जागेवर झाकण बसवून त्यात एका प्रवाशाची सोय केली होती. वैमानिक बिल लॉफर्ड, प्रवासी एक वार्ताहर, आणि माल म्हणजे वर्तमानपत्रं, थोडं कातडं, डेव्हनची साय आणि शिकारीचे पक्षी. अडीच तासांत ते पोचलं. रोजच्या आंतरराष्ट्रीय हवाई सेवेची सुरुवात म्हणून हा दिवस धरतात. एकेरी भाडं २१ पौंड, त्या काळी सामान्य माणसानं विचारही करू नये असं. दहा वर्षांपूर्वी ब्लेरिओ या फ्रेंच वैमानिकानं कालेजवळून डोव्हरपर्यंत नुसती खाडी ओलांडली होती, ३६-३७ मिनिटांत, आणि जग थक्क झालं होतं. आता रोज जाणं-येणं सुरू झालं. अकरा तासांचे अडीच तास.

त्या वैमानिकांपाशी ना रडार होतं, ना आकाशात आखलेली वाट. खालचे रस्ते आणि रूळ बघत ते उडत. ढग खाली आले की तेही खाली येत. ७ एप्रिल १९२२ रोजी धुक्याच्या दिवशी लंडनकडून येणारं एक आणि पॅरिसकडून येणारं एक अशी दोन विमानं एकाच रस्त्याच्या डोक्यावरून समोरासमोर आली आणि उत्तर फ्रान्समधल्या पिकार्दीच्या शेतांवर आदळली. सातही जण गेले. प्रवासी विमानांची आकाशातली ही पहिली टक्कर. त्यानंतर आकाशातही एक बाजू धरून उडण्याचे नियम आले, विमानांत रेडिओ आले. रेडिओ आला तेव्हा दुसरी अडचण उभी राहिली: संकटात सापडलेल्या वैमानिकानं हाक कोणत्या भाषेत मारायची? लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरचे रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांना असा शब्द शोधायला सांगितलं जो इंग्रज आणि फ्रेंच दोघांनाही झटकन कळेल. त्या काळी क्रॉयडनहून बरीचशी ये-जा ल बूर्जेशीच होती. म्हणून त्यांनी फ्रेंचमधल्या ‘मदत करा’ या अर्थाच्या उच्चारावरून ‘मेडे’ हा शब्द सुचवला. आज अरबी समुद्रावर संकटात सापडलेला वैमानिकसुद्धा तीन वेळा जे ओरडतो, ते या ३४४ किलोमीटरांनी जगाला दिलेलं आहे.

वेळ किती कमी होऊ शकते याचा निकाल १९५९ च्या जुलैत लागला. ब्लेरिओच्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली म्हणून लंडनच्या ‘डेली मेल’ या दैनिकानं शर्यत लावली. अट साधी होती आणि फार हुशारीची. शर्यत विमानतळ ते विमानतळ नव्हती. लंडनच्या मार्बल आर्चपासून पॅरिसच्या आर्क द त्रियोंफपर्यंत होती. एका कमानीपासून दुसऱ्या कमानीपर्यंत, शहराच्या पोटातून शहराच्या पोटात. कसंही जा. ब्रिटिश हवाई दलाचे स्क्वाड्रन लीडर चार्ल्स मॉन यांनी ती ४० मिनिटं ४४ सेकंदांत पुरी केली. मोटरसायकलनं थेम्सकाठी, हेलिकॉप्टरनं बिगिन हिलच्या हवाई तळावर, तिथून हंटर जेटनं पॅरिसच्या वेशीवरच्या तळावर, पुन्हा हेलिकॉप्टर, पुन्हा मोटरसायकल. जेटचा वेग सगळ्यांच्या डोळ्यांत भरला, पण शर्यत जिंकली ती सांध्यांवर. मोटरसायकलवरून हेलिकॉप्टरकडे धावताना कुणी रांगेत उभं केलं नाही, हेलिकॉप्टर उतरलं तेव्हा जेट तयार उभं होतं. आजचं प्रवासी विमान काही गोगलगाय नव्हे. तेही ताशी आठशे किलोमीटरला भिडतं. तरी चाळीस मिनिटांचं स्वप्न सामान्य प्रवाशाला कधी मिळालं नाही. सांधे त्याच्यासाठी कुणी जुळवून ठेवत नाही.

वेळापत्रकातला सव्वा तास कसा मोजतात, हेही पाहण्यासारखं आहे. चाकांना लावलेले ठोकळे काढून विमान जागचं हललं की घड्याळ सुरू होतं. पलीकडे पोचून चाकांना पुन्हा ठोकळे लागले की थांबतं. विमान व्यवहारात याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. हीथ्रो ते पॅरिसचा शार्ल द गोल विमानतळ हे सरळ अंतर सुमारे ३४७ किलोमीटर. प्रत्यक्ष हवेत असण्याची वेळ पाऊण तासाच्या आसपास, कधी पन्नास मिनिटं. विमान चढून सरळ होतं, कॉफीचा पेला हातात येतो, आणि उतरायची सूचना होते. उरलेला वेळ जमिनीवर रांगण्यात, धावपट्टीसमोरच्या रांगेत आणि दिरंगाईसाठी आधीच राखून ठेवलेल्या मिनिटांत जातो. हीथ्रोला दोनच धावपट्ट्या आहेत आणि जगभरातून येणारी विमानं त्यांवर उतरायला टपलेली असतात. म्हणून शहराच्या चार बाजूंना आकाशात थांबण्याच्या चार जागा ठरवल्या आहेत. तिथं विमानं हजार-हजार फुटांच्या अंतरानं एकावर एक घिरट्या घालत राहतात. सर्वांत खालचं सुटलं की वरची एकेक पायरी खाली येतात. पॅरिसकडून, आग्नेयेकडून येणाऱ्यांची थांबायची जागा म्हणजे बिगिन. ज्या तळावरून मॉन यांचं हंटर झेपावलं होतं, त्याच्याच डोक्यावर आजचा प्रवासी गोल गोल फिरत वाट बघतो.

आणि हे विमानतळ ज्या बाजूंना वसले आहेत! लंडनचं अंतर चेरिंग क्रॉसच्या चौकातल्या राजा पहिल्या चार्ल्सच्या अश्वारूढ पुतळ्यापासून धरतात, पॅरिसचं नोत्र-दामसमोरच्या फरशीत बसवलेल्या ब्राँझच्या चकतीपासून. पॅरिस लंडनच्या आग्नेयेला. हीथ्रो मात्र चेरिंग क्रॉसच्या पश्चिमेला तेवीसेक किलोमीटरवर. म्हणजे पॅरिसला निघालेला माणूस आधी पॅरिसकडे पाठ करून जातो. पलीकडे शार्ल द गोल पॅरिसच्या ईशान्येला पंचवीसेक किलोमीटरवर. तिथं उतरून पुन्हा मागं वळायचं. मध्य लंडनमधून भुयारी रेल्वेनं हीथ्रोला जवळजवळ तास, उड्डाणाच्या दोन तास आधी हजर राहायचं, मग तो सव्वा तास, पारपत्राची रांग, सामानाचा पट्टा, उपनगरी गाडीनं गार द्यु नोर हे पॅरिसमधलं स्थानक. पाच तासांच्या घरात बेरीज जाते. १९१९ मध्ये लॉफर्डना माळावरून माळावर जायला लागले त्याच्या दुप्पट.

म्हणूनच या वाटेवर आगगाडी पुन्हा जिंकली, आणि अशी की बहुतेक प्रवासी तिच्याकडेच वळले. खाडीखालचा बोगदा मे १९९४ मध्ये खुला झाला. ५०.४५ किलोमीटर लांब, त्यातला जवळजवळ ३८ किलोमीटरांचा भाग समुद्राखाली. दोन्ही काठांकडून खणत आलेले मजूर १ डिसेंबर १९९० रोजी समुद्राच्या तळाखाली एकमेकांना भेटले, तेव्हा दोन्ही बोगद्यांच्या रेषांत आडवा फरक होता फक्त ३५.८ सेंटिमीटर. हातभरही नव्हे. लेसर आणि उपग्रह मदतीला असले तरी ही मोजणी रॉय आणि कासिनींच्या वंशातलीच आहे. २००७ साली इंग्लंडच्या बाजूचा वेगवान लोहमार्ग पुरा झाला आणि लंडनच्या सेंट पँक्रसहून पॅरिसच्या गार द्यु नोरला सर्वांत जलद गाडी सुमारे सव्वादोन तासांत पोचू लागली. रुळांची वाट सुमारे ४९२ किलोमीटर, म्हणजे सरळ रेषेपेक्षा जवळजवळ दीडशे किलोमीटर जास्त. तरीही ती आधी पोचते, कारण ती शहरातून निघते आणि शहरात उतरवते. शिवाय फ्रेंच अधिकारी लंडनलाच पारपत्र तपासून घेतात. पॅरिसला उतरलेला माणूस सरळ चालत रस्त्यावर येतो. फ्रान्सनं २०२३ मध्ये देशांतर्गत काही छोटी उड्डाणं कायद्यानं बंद केली. अट अशी की आगगाडीनं तिथं अडीच तासांत पोचता आलं पाहिजे. तो कायदा लंडनच्या उड्डाणांना लागू नाही. लागू असता तर पॅरिस त्या अटीत सहज बसलं असतं.

पुण्या-मुंबईहून युरोपच्या सहलीला निघालेल्या कुटुंबासाठी मात्र या वाटेला आणखी एक सांधा आहे. भारतीय पारपत्रावर लंडनसाठी एक व्हिसा लागतो आणि पॅरिससाठी शेंगेनचा दुसरा. बँकेची पासबुकं, आयकराची विवरणपत्रं, हॉटेलांच्या नोंदी, बोटांचे ठसे, आणि मग शेंगेनसाठी साधारण पंधरा दिवसांची वाट पाहणी. आजी-आजोबांना बरोबर न्यायचं असेल तर त्यांनाही व्हिसा केंद्राच्या बाकावर बसवून आणायचं. त्या घरापुरतं लंडन-पॅरिस हे अंतर सेंट पँक्रसच्या फलाटावर सुरू होत नाही. ते जेवणाच्या टेबलावर पसरलेल्या कागदांपासून सुरू होतं. लंडनच्या त्याच स्थानकात शेजारी उभा असलेला ब्रिटिश प्रवासी व्हिसाशिवायच गाडीत बसतो. समान अंतर, समान तिकीट, आणि तरी वेळ इतका वेगळा, हे नुसतं टिपून पुढं जाण्यासारखं नाही.

शेवटचा हिशेब घड्याळांचा. रॉय आणि कासिनींच्या मोजणीचा मूळ प्रश्न हाच होता: ग्रिनिचला सूर्य डोक्यावर येतो त्याच्या किती आधी तो पॅरिसला येतो? पॅरिस ग्रिनिचच्या पूर्वेला सव्वादोन अंशांहून थोडं जास्त आहे, आणि पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. उत्तर ९ मिनिटं २१ सेकंद. १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत जगानं ग्रिनिचचं रेखावृत्त शून्य मानलं, तेव्हा फ्रान्सनं मतच दिलं नाही आणि पुढं सत्तावीस वर्षं आपलंच घड्याळ चालवलं. १९११ साली कायदा केला, त्यातही ग्रिनिचचं नाव घेतलं नाही; फ्रान्सची वेळ म्हणजे पॅरिसची वेळ, ९ मिनिटं २१ सेकंद मागे केलेली, असं लिहिलं. १९४० मध्ये जर्मन फौजांनी पॅरिस घेतलं आणि शहराची घड्याळं बर्लिनच्या वेळेवर गेली. आज पॅरिस त्याच मध्य युरोपीय वेळेवर आहे, लंडनच्या पूर्ण तासभर पुढं. सूर्याच्या हिशेबात नऊ मिनिटं, भिंतीवरच्या घड्याळात साठ. पॅरिसमध्ये जुन्या रेखावृत्तावर, लूव्ह्रच्या आवारात आणि फुटपाथांवर, १९९४ मध्ये बसवलेल्या ब्राँझच्या छोट्या चकत्या आजही पायाखाली येतात. त्यांवर आरागो या शास्त्रज्ञाचं नाव आहे. बरेच जण त्यांवर पाय ठेवून पुढं जातात.

म्हणून पॅरिसहून सकाळी दहाला निघालेलं विमान लंडनला सव्वादहाला उतरतं, कागदावर. खिडकीशी बसलेल्याला आधी पिकार्दीची चौकोनी शेतं दिसतात, मग खाडी, आणि हवा स्वच्छ असेल तर दोन्ही काठ एकाच काचेत: एकीकडे ब्लां-ने, दुसरीकडे डोव्हरचे पांढरे कडे. ज्योती पेटल्या होत्या त्या जागा. बिगिनवर दोन घिरट्या होतात. विमान लंडनवरून पश्चिमेकडे जातं, थेम्स खाली वळणं घेत राहते, आणि चाकं उत्तरेच्या धावपट्टीला टेकतात. उजव्या हाताला, कुंपणापलीकडच्या रस्त्याच्या कडेला, ती तोफ. विमान रांगत आपल्या जागी जातं, खाली उभा असलेला माणूस चाकांपुढं ठोकळे सरकवतो, पट्टे सुटल्याचे खटखट आवाज होतात, आणि मधल्या वाटेत उभे राहिलेले लोक दार उघडायची वाट पाहू लागतात.